नऊ महिन्यांची लेक, मे महिना आणि घरात तीन मतं: कुठे जावं?

कोथरूडची_नवी_आई

नमस्कार मंडळी. घरातल्या चर्चेतून काहीच निष्पन्न होत नाहीये, म्हणून इथे विचारते. लेक आत्ताच झोपलीये, तेवढ्यात जमेल तेवढं लिहून काढते.

लेक साडेआठ महिन्यांची आहे, मेच्या मध्यावर तिला नऊ पूर्ण होतील. नवऱ्याला त्याच सुमारास सुट्टी मिळतेय. माझं सध्या घरूनच काम चालू आहे, पण जूनपासून रोज हिंजवडीला जायचंय. त्यामुळे जायचं तर मेमध्येच. आम्ही कोथरूडला सगळ्यात वरच्या मजल्यावर राहतो. दुपारी चारला स्लॅब असा तापतो की पंखा गरम हवाच खाली ढकलत असतो. लेकीच्या मानेवर घामोळं उठलंय, रात्री ती दर दोन तासांनी उठतेय आणि तिच्याबरोबर मीही.

आता घरातली मतं. सासू-सासऱ्यांना गुहागरला जायचंय. व्याडेश्वर आमचं कुलदैवत. बाळाला अजून देवाच्या पायावर घातलं नाही हे सासूबाईंच्या मनात आहे, आणि मेमध्ये गेलं की हापूसही खाता येईल असा त्यात सासऱ्यांचा सूर. नवऱ्याचं म्हणणं, महाबळेश्वर, कारण "अडीच तासात पोचतो". (मे महिन्यात अडीच तासात पोचलेला माणूस मला अजून भेटायचाय.) तिसरं मत आमच्या कॉलेजच्या ग्रुपचं. ते मनालीला निघालेत, चंदीगडपर्यंत विमान आणि पुढे टेम्पो ट्रॅव्हलर. "दोन वर्षांखालच्या बाळाला सीटसुद्धा लागत नाही, चल की," म्हणतात. त्यांच्यात कुणाला मूल नाही हे सांगायला नकोच.

आमची गाडी वॅगन-आर, तीही सीएनजी, म्हणजे डिकीत टाकी. मोठी माणसं चार. बाळाची कार सीट घेतलेली नाही. विषय काढला की सासूबाई म्हणतात, "आम्ही काय मांडीवर घेऊन फिरलो नाही का?" यावर मला उत्तर सुचत नाही, कारण फिरल्या होत्या हे खरंच आहे.

लेक रांगते, जमिनीवर दिसेल ते तोंडात घालते. खाण्यात नाचणीसत्त्व, मऊ वरणभात, केळं आणि उरलेलं अंगावरचं दूध. बाटली तोंडात धरत नाही. दुपारची झोप फक्त झोळीत.

तर कुठे जावं? जायचं कसं? हॉटेलवाल्याला आधी काय काय विचारावं? तिथे तिच्या खाण्याचं काय करावं? माझी स्वतःची अपेक्षा फार नाही. थोडी थंड हवा आणि चार दिवस दुसऱ्या कुणीतरी केलेला स्वयंपाक, एवढं मिळालं तरी पुरे.

सदाशिव_पेठी

मे महिन्यात महाबळेश्वर म्हणजे पुण्याची सगळी वाहतूक साडेचार हजार फुटांवर नेऊन उभी करायची. गाड्यांना हवापालट. बाळाला त्यातलं काय कळणार आहे? घरात कूलर लावा, संध्याकाळी सारसबागेत न्या, पैसे वाचतील. आमची मुलं शाळेत जायला लागेपर्यंत आम्ही त्यांना खडकवासल्यापलीकडे नेलं नव्हतं. दोघंही धडधाकट आहेत, एक तर सध्या कॅनडात आहे.

स्वारगेट_सातारा

सदाशिव_पेठी, बाळाला कळावं म्हणून कुणी जात नाही हो. त्या माउलीला झोप मिळावी म्हणून जायचंय. सारसबागेत ती कशी मिळणार?

ताई, मी मूळचा साताऱ्याचा, नोकरी पुण्यात, त्यामुळे हा रस्ता पाठ आहे. आमचा मुलगा दहा महिन्यांचा असताना आम्ही मेमध्येच वर गेलो होतो, आई-वडील बरोबर होते. म्हणजे तुमच्यासारखीच परिस्थिती. त्यातून जे कळलं ते सांगतो.

मनाली यंदा काढून टाका. ठिकाण वाईट म्हणून नव्हे. चंदीगडपासून पुढे सुमारे तीनशे किलोमीटर डोंगरातला रस्ता आहे, आणि त्या टेम्पो ट्रॅव्हलरचं घड्याळ ग्रुपचं असणार, तुमच्या लेकीचं नाही. मनालीला पोचल्यावर मंडळी थोडीच खोलीत बसतील? रोहतांग म्हणतील, म्हणजे जवळजवळ चार हजार मीटर. विरळ हवेत नऊ महिन्यांच्या बाळाला काय होतंय हे ते सांगू शकत नाही, नुसतं रडतं. मग ते भुकेनं रडतंय की श्वासाचं काही आहे, हे ओळखत तुम्ही गाडीत बसणार आणि ग्रुप बाहेर फोटो काढणार.

नवऱ्याचं महाबळेश्वर बरोबर आहे, फक्त वीस किलोमीटर अलीकडे थांबा. पाचगणी. उंचीत फारसा फरक नाही, रात्री गारवा तोच, आणि मेमधला गाड्यांचा खरा तुंबा असतो तो पाचगणी ते महाबळेश्वर या पट्ट्यात, वेण्णा लेकच्या आसपास. मुक्काम पाचगणीत ठेवलात तर तो पट्टा तुमच्या वाट्यालाच येत नाही. शुक्रवार ते रविवार टाळा. सोमवारी जा, गुरुवारी किंवा शुक्रवारी सकाळी उतरा. खोलीचा दरही शनिवार-रविवारपेक्षा कमी सांगतात.

निघायचं पहाटे, पाचच्या आत. बाळाला उठवून, न्हाऊ-माखू घालून, खाऊ घालून निघायचं नाही. झोपेतच उचलून सीटमध्ये ठेवायचं. नवले पूल अंधारातच मागे टाका. खेड शिवापूरचा टोल, मग खंबाटकी, मग सुरूर फाट्याला उजवीकडे वळून वाई. एवढं होईपर्यंत लेक बहुतेक जागी होईलच. वाईत थांबा, दूध पाजा, लंगोट बदला, मोठ्यांचा चहा-नाश्ता उरका. घाईनं पसरणी घाट चढायला घेऊ नका, पोट भरल्यावर थोडा वेळ जाऊ द्या, नाहीतर वळणावर सगळं बाहेर येतं. घाटात कान दडपतात, तेव्हा बाळाला चोखायला काहीतरी हवं. पण त्यासाठी सीटमधून काढून छातीशी घेऊ नका. चोखणी चालत असेल तर ती द्या, नसेल तर घाटाच्या मधे जागा बघून गाडी बाजूला घ्या आणि दोन घोट पाजा. आपल्याला घाई कसली आहे?

हॉटेलवाल्याला तारांकित प्रश्न विचारू नका. एवढंच विचारा: खोली तळमजल्यावर आहे का, गरम पाणी दिवसभर असतं का ठरावीक वेळेलाच (मेमध्ये वर पाण्याची ओढ असते, हा प्रश्न विचाराच), खोलीत किटली आहे का, दूध-वरण ठेवायला फ्रिज मिळेल का, आणि सकाळी सातला स्वयंपाकघरातून बिनतिखटाचं मऊ वरणभात मिळेल का. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर तो कसं देतो त्यावरून हॉटेल कळतं. "बघू, मॅनेज करू" म्हणाला तर दुसरीकडे फोन लावा. "किती वाजता हवंय?" असं विचारलं तर पैसे भरा.

खोलीत शिरलात की बॅगा उघडायच्या आधी एक काम. लेकीला आजीच्या कडेवर द्या आणि स्वतः गुडघ्यांवर बसून खोलीभर रांगा. हसू येईल, पण करा. आम्ही केलं तेव्हा पलंगाखाली अर्धी जळलेली डासांची कॉइल सापडली, टीव्हीमागे सुट्टी वायर, आणि न्हाणीघराच्या जाळीवर दोन डांबराच्या गोळ्या. पांढऱ्याशुभ्र, गोल, खडीसाखरेएवढ्या. रांगतं बाळ त्या तोंडात घालणार नाही तर काय करणार? त्या गोळ्या विषारी असतात. हॉटेलच्या पोऱ्याला बोलावून ताबडतोब काढायला लावल्या. डासांचं ते लिक्विडचं मशीन भिंतीत खालच्या प्लगला लावलेलं असेल तर तेही काढा, आणि छत्रीसारखी उघडणारी छोटी मच्छरदाणी घरून न्या.

बाबागाडी न्यायची की नाही असं पुढे विचाराल, म्हणून आधीच सांगतो, नेऊ नका. तिथले रस्ते चढउताराचे, कडेला मुरूम आणि खड्डे. टेबललँडवर, म्हणजे तिथल्या मोठ्या पठारावर, तर चाकंच रुततात. छातीला बांधायचा कॅरिअर घ्या. सीएनजीच्या डिकीत बाबागाडी मावणारही नाही.

आणि दिवसाला एकच गोष्ट. सकाळी सातला टेबललँड, परत, नाश्ता, झोप. दुसऱ्या दिवशी दुसरं काहीतरी. पॉइंट मोजायला निघालात की संपलं. माकडांपासून जपा. हातातला खाऊ काय, दुधाची बाटलीसुद्धा ओढून नेतात. कठड्यावर बसून बाळाला केळं भरवू नका.

चिपळूणची_माहेरवाशीण

कोथरूडच्या मुली, तुझ्या सासूबाईंना माझा नमस्कार सांग. मी त्यांच्याच वयाची असेन, माहेर चिपळूणचं, लग्नानंतर सगळी हयात पुण्यात. तेव्हा कोकणाबद्दल मी वाईट बोलेन असं त्यांनी समजू नये.

पण मेमध्ये रांगतं मूल घेऊन गुहागर नको गं. पारा बघितलास तर पुण्यापेक्षा कमीच दिसेल, तेहतीस-चौतीस. फसू नकोस. पुण्यात घाम येतो आणि वाळतो, तिथे तो वाळतच नाही. मानेवरचं घामोळं दोन दिवसात पाठभर होईल. त्यात दुपारची वीज गेली की मोठी माणसं ओटीवर सुपारी कातरत बसतील, पण बाळाला कुठे ठेवशील? रस्ताही अडीचशे किलोमीटरच्या वरचा आहे, मधे कुंभार्ली घाट. मोठ्यांचीच कंबर जाते.

दुसरी गोष्ट कुणी बोलत नाही, पण मी बोलते. विंचू. कौलारू घर, लाकडाच्या मोळ्या, चिऱ्याची भिंत, तिथे लाल विंचू असतोच. उन्हाळ्यात जास्तच निघतात. महाडच्या डॉक्टर हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन या औषधाचा उपाय काढला आणि त्याने कोकणात कितीतरी जीव वाचले, त्यांचं काम जगभरात वाचलं जातं. आमच्या लहानपणी विंचू चावलेलं मूल सकाळपर्यंत राहील की नाही याची शाश्वती नसायची. आता औषध आहे, दवाखाने आहेत, घाबरून जायचं कारण नाही. पण रांगणारं मूल जमिनीवर असतं आणि विंचूही जमिनीवरच. वर्षा-दीड वर्षाचं झालं, पायात चपला आल्या, की गोष्ट वेगळी. तेव्हाही अंथरूण-पांघरूण झटकून घ्यायचं आणि चपला उलट्या करून आपटायच्या, हे घरात सगळ्यांना शिकव.

व्याडेश्वराचं म्हणशील तर तो जागेवर आहे. दिवाळीनंतर जा. कार्तिक-मार्गशीर्षात गुहागर काय सुंदर असतं! समुद्र शांत, सकाळी अंगावर शाल घ्यावी अशी हवा, देवळातही मेमधली गर्दी नाही. तोवर सासूबाईंनी देवघरात कुलदैवताच्या नावानं नारळ आणि सव्वा रुपया बाजूला काढून ठेवावा. आमच्यात तशीच पद्धत आहे, जमेल तेव्हा जाऊन पोचता करायचा. लेक चालती होऊन स्वतःच्या पायांनी देवळात शिरेल. हवं तर हे त्यांना मोठ्यांदा वाचून दाखव. हापूसचं विचारशील तर पणन मंडळाचा आंबा महोत्सव मार्केट यार्डात भरतो, कोकणातले बागायतदार तिथेच येऊन बसतात. सासऱ्यांना एक पेटी आणून दे, बोलणं संपेल.

आता खाण्याचं. हॉटेलच्या स्वयंपाकघरावर पूर्ण विसंबू नकोस, "तिखट नाही टाकलं" म्हणतात आणि फोडणीत मिरची असतेच. घरून कोरडं पीठ ने. तांदूळ दोन वाट्या, मुगाची डाळ एक वाटी, धुऊन फडक्यावर वाळवायचे, मंद आचेवर वेगवेगळे भाजायचे. डाळ तांबूस झाली पाहिजे, करपली तर कडवट लागते. चिमूटभर जिरं, मग मिक्सरला रवाळ दळायचं. मीठ-साखर काही नाही, वर्षाच्या आत नकोच. हे घट्ट झाकणाच्या डब्यात आठ-पंधरा दिवस सहज राहतं. हॉटेलात किटलीतलं उकळतं पाणी वाटीत घालून झाकून ठेवलंस तरी अर्धंच शिजतं, म्हणून छोटं विजेचं भांडं बरोबर असू दे, पाच-सात मिनिटं चांगलं रटरटू दे. वरून घरचं साजूक तूप. नाचणीसत्त्वही तसंच शिजवून. केळी कुठेही मिळतात. मध चाटवू नकोस हं, आम्ही चाटवायचो, पण आता वर्षभर देऊ नका सांगतात आणि त्याला कारण आहे.

पाचगणीला मात्र खुशाल जा. पूर्वी क्षयाच्या रोग्यांना हवेसाठी तिथे ठेवायचे, बेल एअरचा दवाखाना त्यातूनच उभा राहिला. रात्रीसाठी टोपरं, अंगभर झबलं आणि दोन जाड दुपटी घे. पुण्यातल्या उकाड्यात बॅग भरताना हेच राहून जातं.

वॉर्डातली_परिचारिका

मी लहान मुलांच्या वॉर्डात काम करते. वरच्या दोघांनी बरंच चांगलं सांगितलंय, मी फक्त राहिलेलं लिहिते. डॉक्टरांचा सल्ला तो वेगळा घ्यायचाच.

पहिली गोष्ट लस. नऊ महिने पूर्ण झाले की गोवराची लस असते, सरकारी दवाखान्यात एमआर, खासगीत बहुतेक एमएमआर. तुमच्या सहलीच्याच आठवड्यात ती येतेय. या लसीचा ताप त्याच दिवशी येईलच असं नाही. काही मुलांना साधारण आठवड्याभराने बारीक ताप आणि अंगावर पुरळ येतं, दोन-तीन दिवसात आपोआप जातं. हे ठाऊक नसलं की पाचगणीत रात्री अकराला घाबरगुंडी उडते. म्हणून तुमच्या डॉक्टरांना तारखा सांगा. परत आल्या आल्या लस घेतली तरी चार दिवसांनी काही बिघडत नाही, पण "पुढच्या महिन्यात बघू" असं करू नका. गोवर साधा आजार नाही.

दुसरी, कार सीट. सासूबाईंना उत्तर सुचत नाही म्हणालात. पूर्वी गाड्या चाळीसच्या वेगाने जायच्या आणि रस्ते रिकामे होते, आता हायवेला नव्वदने जातो. ब्रेक लागला की मांडीवरचं बाळ कुणाच्याही हातात राहत नाही, आई कितीही घट्ट धरो. कायद्यातही आहे, मोटार वाहन कायद्याचं कलम १९४ बी. चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा मुलांसाठीची सीट नसेल तर एक हजार रुपये दंड. दंडाचं सांगितलं की घरातले पुरुष ऐकतात, हा माझा अनुभव. या वयाला सीटचं तोंड गाडीच्या मागच्या बाजूला हवं, आणि ती मागच्याच आसनावर बसवायची. पुढे एअरबॅग असते, तिथे अशी सीट कधीही नाही. दर दीड-दोन तासांनी बाळाला बाहेर काढून मोकळं करायचं. गाडी उन्हात उभी करून "पाच मिनिटांत आलो" म्हणत बाळाला आत ठेवायचं नाही, काच थोडी खाली असली तरी नाही.

तिसरी, पाणी आणि जुलाब. प्रवासात पाणी उकळून गार केलेलं, बाकी अंगावरचं दूध मागेल तितक्या वेळा. बाटली घेत नाही याचं वाईट वाटून घेऊ नका, प्रवासात ती सोयच आहे, उकळायचं-धुवायचं काही नाही. ओआरएसची पाकिटं बरोबर ठेवा, पण पाकिटावर डब्ल्यूएचओचा फॉर्म्युला लिहिलेला बघून. रंगीत खोक्यातली गोड पेयं म्हणजे ओआरएस नव्हे. एक लिटरचं पाकीट असेल तर ते पूर्ण एक लिटर पाण्यात घालायचं, अंदाजाने चिमूट-चिमूट घालायचं नाही, आणि चोवीस तासांनी उरलेलं ओतून द्यायचं. सहा तासांत लंगोट ओला झाला नाही, डोळे खोल गेले, किंवा बाळ मलूल पडून दूध ओढेना झालं, तर हॉटेलात वाट बघत बसू नका. वाईत मुलांचे डॉक्टर मिळतात, आणि १०८ ला फोन केला की रुग्णवाहिका फुकट येते. तापाचं औषध वजनाप्रमाणे किती मिली द्यायचं ते निघण्याआधी डॉक्टरांकडून लिहून घ्या. ताप आल्यावर फोनवर विचारताना आकडे चुकतात.

आणि घामोळ्यावर पावडर नको. फासलेली पावडर नाकातोंडात जाते. थंड हवेत दोन दिवसांत ते आपसूकच बसेल.

कोथरूडची_नवी_आई

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. काल रात्री जेवणानंतर चिपळूणच्या ताईंचा मजकूर सासूबाईंना खरंच वाचून दाखवला. विंचवापर्यंत त्या गप्प होत्या. नारळाचं आल्यावर म्हणाल्या, "हे मला माहीत नाही होय?" आणि उठून गेल्या. सकाळी देवघरात बघते तर व्याडेश्वराच्या तसबिरीपुढे नारळ आणि वर सव्वा रुपया. म्हणजे ठरलं. मेमध्ये पाचगणी, दिवाळीनंतर गुहागर. आंब्याची पेटी आणायला सासरे स्वतःच मार्केट यार्डात जाणार आहेत, माझ्यावर विश्वास नाही.

मनालीच्या ग्रुपला नाही सांगितलं. "बाळ झालं की माणूस संपतो" असा एक मेसेज आला. जाऊ दे.

कलम १९४ बी नवऱ्याला पाठवलं. परिचारिका ताई, तुमचा अनुभव अचूक निघाला, संध्याकाळी तो वॅगन-आरचा मागचा पट्टा टेपने मोजत होता. आमच्या गाडीत आयसोफिक्स (सीट थेट अडकवायच्या कड्या) नाही, पट्ट्याने बसणारी सीट घेऊ. पण ती बसवली की मागे मी आणि सासूबाई अशा दोघी जेमतेम मावतो, सासरे पुढे, आणि सामानाला जागाच नाही. तर सासऱ्यांनी तोडगा काढलाय की ते दोघं स्वारगेटहून एसटीने येतील, महाबळेश्वरची गाडी पाचगणीवरूनच जाते. "सासूबाईंना बायकांचं अर्धं तिकीट, मला ज्येष्ठांचं अर्धं, दोघांत मिळून एक," असा हिशेब त्यांनी कागदावर मांडून दाखवला. मला वाटतं त्यांना पहिल्यापासून एसटीनेच जायचं होतं.

हॉटेलचा फोन मीच केला. दोन ठिकाणी "मॅनेज करू" ऐकलं. तिसऱ्या ठिकाणी एका बाईंनी फोन घेतला आणि विचारलं, "वरण तुरीचं चालेल की मुगाचं?" पैसे भरून टाकले.

आता एकच राहिलं. झोळी! दुपारची झोप तिला झोळीशिवाय येत नाही. नवरा म्हणतोय, हॉटेलच्या खिडकीच्या गजाला साडी बांधू. करावं का?

वॉर्डातली_परिचारिका

अजिबात नको. खिडकीचा गज किती जुना, खिळे कसे, काही ठाऊक नसतं. पंख्याचा हूक तर नाहीच नाही. अजून वेळ आहे, आजपासून दुपारी एक झोप जमिनीवरच्या गादीवर लावून बघा. सुरुवातीला रडेल, थोपटत शेजारी पडून राहा. हॉटेलात जास्तीची गादी जमिनीवर घालून मागा, पलंगावर बाळाला एकटं झोपवू नका. रांगणारं मूल पलंगाच्या कडेला कधी पोचतं ते कळत नाही.

स्वारगेट_सातारा

पलंग भिंतीला लावून घ्या वगैरे कुणी सांगेल. ऐकू नका, फटीत अडकतं. गादी जमिनीवर, हेच बरोबर. आणि घरचं वापरलेलं दुपटं न धुता न्या, ओळखीच्या वासाला पोरं लवकर झोपतात.

सीटचा पट्टा मोजलात ते छानच, पण दुकानात गाडी घेऊनच जा आणि तिथेच बसवून बघा. काही गाड्यांत पट्टा आखूड पडतो. बसवल्यावर हाताने जोरात हलवायची, इकडे-तिकडे बोटभराहून जास्त हलता कामा नये.

सदाशिव_पेठी

एसटीचं आरक्षण आजच करा. मेमध्ये स्वारगेटला आयत्या वेळी उभं राहून जागा मिळत नाही. आणि उजव्या बाजूची बाकं मागून घ्या. सकाळची गाडी असेल तर वाईपर्यंत ऊन डावीकडूनच येतं.